बाजूच्या पत्र्यावर

गाडी मागे घेताना मागच्या चाकाखाली काहीतरी आलं. लालासाबांना आवाज ऐकू आला नाही. त्यांचे कान तरुणपणीच एंजिनांनी खाल्ले होते आणि कानातलं यंत्र सवयीनं खिशात होतं. पण तळपायांना कळलं. चाक जरासं अडलं, काहीतरी दबलं, फुटलं आणि चाक मोकळं झालं. एंजिनाची थरथर पळभर खाली बसली आणि परत आपल्या जागी आली. एवढंच. सगळं मिळून एक सेकंदही लागला नसेल. "थांबव," ते ओरडले, आणि शबनमनं, त्यांच्या सुनेनं, ब्रेक दाबायच्या आतच त्यांनी दार उघडून एक पाय बाहेर टाकला होता. बहात्तर वर्षांचा माणूस दोन्ही हात जमिनीवर टेकून गाडीखाली पाहू लागला. शाहूपुरीच्या चौथ्या गल्लीतल्या त्या इमारतीखाली, सिमेंटच्या फरशीवर, एक नारळ फुटून पडला होता. पाणी उताराला लागून गटाराच्या जाळीकडे निघालं होतं.

"वयनी, फोडलासा की वो माझा नारळ!" वॉचमन केरबा खुर्चीवरून उठत म्हणाला. "शनवारी मारुतीला न्यायचा हुता."

"मारुतीचा नारळ गाडीच्या मागं कोण ठेवतंय, केरबामामा?"

"सावलीला ठेवलाता. उन्हानं तडकतोय म्हणून."

"मग आता काय झालं?"

केरबा हसला, शबनम हसली. लालासाब मात्र तसेच वाकून उभे राहिले. करवंटीच्या आतला पांढरा गर त्यांना दिसत होता आणि त्यांची नजर तिथून निघत नव्हती. नारळच आहे, हे त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं. डोक्याला ते पटलं. पायांना पटलं नाही. पाय गाडीत परत चढायला तयार होईनात, गुडघ्यापासून खाली ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. "अब्बा, बसा की," शबनम त्यांच्या दंडाला धरून, त्यांना ओठ दिसतील अशी समोर येऊन म्हणाली, "दोनच्या आत पोचायचंय. जयपालदादा वाट बघत असतील. आणि ते मशीन कानात घाला, खिशाला ऐकू येऊन काय उपयोग?"

जयपालचा फोन काल संध्याकाळी आला होता. जयपाल हा पेठ वडगावच्या चंदनाचा भाचा, तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. शबनमनं फोन मोठ्या आवाजावर करून त्यांच्यासमोर धरला होता. "काका, आत्तीनं अन्न सोडून अकरा दिवस झाले. पहिल्यांदा धान्य सोडलं, मग दूध, मग ताक. आता दिवसातनं एकदा वाटीभर पाणी घेती. उद्या दोन वाजता शेवटचं घेऊन तेबी सोडणार हाय. महाराजांची आज्ञा मिळालीया. सगळ्या गावाची क्षमा मागून झाली, फक्त तुमचीच ऱ्हायलीया. लालाण्णा आल्याबगर पाणी सोडणार न्हाय म्हणती." दोन्ही मूत्रपिंडं गेल्याचं चंदनाला दिवाळीत कळलं होतं. डायलिसिसला तिनं नकार दिला. सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारायचं जैनांचं व्रत, घ्यायची तर मनात कुणाबद्दल काही ठेवून चालत नाही. राग नाही, लोभ नाही, कुठे रुतलेला काटा नाही. घर सोडून जाताना माणूस खोली झाडून, भांडी पालथी घालून जातो तसं. तिची खोली आता झाडून झाली होती. फक्त एका कोपऱ्यात तिला न दिसणारी एक वस्तू पडून होती आणि ती तिथं ठेवणारा माणूस नारळाच्या पाण्यात उभा होता. चंदनाच्या दुसऱ्या भावाला, जिनेंद्रला, शत्रूची गोळी लागलेली नव्हती. हे जगात एकट्या लालासाबांना ठाऊक होतं. आज दोनच्या आत ते तिला सांगायचं किंवा कधीच नाही.

ते गाडीत बसले ते पाय सीटवर उचलून घेऊन, मांडी घालून. शबनमनं पाहिलं पण काही विचारलं नाही. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने तपासायची. उत्तर मिळण्याआधी निष्कर्ष काढायचा नाही ही तिची सवय घरातही टिकली होती. तावडे हॉटेलपाशी उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. पुलावर गाडी मुंगीच्या पावलानं सरकत राहिली. खाली पंचगंगा माघातली, रोडावलेली, कडेला हिरवट. सांगायचं कशासाठी, असा प्रश्न त्यांच्या मनात गेल्या त्रेपन्न वर्षांत इतक्या वेळा येऊन गेला होता की आता तो प्रश्नासारखा वाटतही नव्हता. तिच्यासाठी की आपल्यासाठी? ती शांतपणे चालली आहे. तिला शांतपणे जाऊ द्यावं. पण मौलवीसाहेब एकदा म्हणाले होते, अल्लाचं देणं अल्ला माफ करतो; माणसाचं जे बिघडवलं असेल ते त्या माणसानंच माफ करावं लागतं, तिथं अल्लासुद्धा मध्ये पडत नाही. ते सहज म्हणाले होते, दुसऱ्याच कुणाशी बोलताना. मेहरुन्निसाला, त्यांच्या बायकोला, हजला जायचं होतं. दोनदा अर्ज आणून ठेवले तिनं. जाण्याआधी घरोघर जाऊन कहासुना माफ म्हणायचं असतं, ओळखीच्या प्रत्येकाला. तिची यादी तयार होती. पहिलंच नाव चंदनाचं. दोन्ही वेळा लालासाबांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. तिसऱ्या अर्जाच्या आधी ती गेली. गुडघे अजून ठणठणीत होते.

जिनेंद्र आणि ते एकाच विहिरीत पोहायला शिकले. लालासाबांचे वडील वडगावच्या आसपासच्या विहिरींवरची ऑइल एंजिनं दुरुस्त करायचे, आणि जिनेंद्रच्या वडिलांची विहीर सगळ्यांत खोल होती. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी एक झडप असते, तिच्यात पालापाचोळा अडकला की पाणी चढत नाही. मग एकानं विहिरीत बुडी मारून झडप साफ करायची आणि एकानं वर एंजिनाशी उभं राहायचं. खालचा वर दिसत नाही, हाक ऐकू येत नाही. म्हणून वडिलांनी रीत घालून दिली होती: खाली गेलेल्यानं दगडानं पाइपावर तीन ठोके मारायचे. ठक, ठक, ठक. म्हणजे, मी अजून इथंच आहे, एंजिन मारू नको. लालासाब वर असले की पाइपावर हात ठेवून उभे असत. लोखंडातून आलेला ठोका कानाला येण्याआधी तळहाताला येतो, हे त्यांना तेव्हाच कळलं. पाच-सहा वर्षांची चंदना परकर सावरत बांधावर बसून मोठ्यानं मोजायची, "येक! दोन! तीन! लाल्या, दादा जिता हाय!" आणि मग ते दोघंही तिला ओरडायचे. पुढे दोघंही नौदलात निघाले. जैनाचा मुलगा नौदलात जातो म्हटल्यावर जिनेंद्रच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आईनं एवढंच विचारलं, बंदूक धरावी लागंल का रे? तो म्हणाला, न्हाय आई, बोटीवर लई कामं असतात.

शिरोलीच्या एमआयडीसीपाशी रस्ता मोकळा झाला. उजवीकडच्या फाउंड्र्यांतून जळक्या वाळूचा वास आला आणि लालासाबांना बरं वाटलं. तीस वर्षं त्यांनी या वासात काढली होती. मशीन बिघडलं की तरुण इंजिनिअर त्यांना बोलावून न्यायचे. ते चपला काढून मशीनशेजारी उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, डावीकडचं बेअरिंग गेलंय. पोरं चेष्टा करायची, लालासाबचाचांचे पाय डॉक्टर हायत, फी चपलात ठेवा. त्यांनाही गंमत वाटायची. पण संध्याकाळी चपला घालताना दर वेळी एक विचार अंगावरून जायचा, की हे पाय जर इतके अचूक सांगतात तर त्यांनी त्या दिवशी सांगितलं तेही अचूकच असलं पाहिजे.

त्या नदीला त्यांनी नदी म्हटलं ते दुसरा शब्द माहीत नव्हता म्हणून. पलीकडचा काठ म्हणजे धुक्यातली एक काळी रेघ. पाणी वारणेसारखं एका दिशेला जायचं नाही. सहा तास समुद्राकडे, सहा तास परत आत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जिनेंद्र कठड्यावर वाकून म्हणाला होता, "लाल्या, ही माघारी निघालीया की रं! काय इसरली का काय घरात?" डिसेंबर होता, एकाहत्तर साल, बांगलादेशचं युद्ध. मोठी जहाजं त्या पाण्यात शिरू शकत नव्हती, म्हणून बंदरात सामान वाहणाऱ्या लहान बोटींवर पुढे एक आणि मागे एक तोफ बसवून, वाळूची पोती रचून त्यांना लढाऊ बोटी केलं होतं. छपरं पिवळीधमक रंगवली होती, आपल्याच विमानांनी आपल्याला ओळखावं म्हणून. अर्धे लोक नौदलाचे आणि अर्धे त्या मुलखातून पळून आलेले, नदीचं प्रत्येक वळण ठाऊक असलेले बंगाली. जिनेंद्र मागच्या तोफेवर. तोफ उडाली की गोळ्यांची रिकामी, गरम टोपणं डेकवर पडायची आणि खाली एंजिन रूममध्ये लालासाबांच्या डोक्यावर ठणठण व्हायची. दिवस मावळायच्या आत जिनेंद्र खाली यायचा, आमटीत कांदा असेल तर नुसता भात आणि साखर खायचा, आणि उजेड जायच्या आत तोंड धुवायचा. तोफेच्या तेलानं काळ्या झालेल्या हातांनी. त्या हातांकडे लालासाबांनी एकदा पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "आईला सांगू नको." त्यानं सांगितलेली ती एवढीच एक गोष्ट लालासाबांनी पाळली.

एंजिन रूमला खिडकी नव्हती. दोन डिझेल एंजिनं, मधे दीड हाताची वाट, आणि भिंतीवर पितळेची एक तबकडी. वरून काटा फिरला की घंटी वाजायची: पुढे, थांब, मागे. खालच्यानं आपला काटा त्याच खुणेवर नेऊन कळल्याचं सांगायचं आणि दांडा ओढायचा. का, हे विचारायचं नाही. विचारता येतही नव्हतं, कारण बोलायची नळी तिसऱ्याच दिवशी एका तुकड्यानं कापली गेली होती. एके दिवशी लालासाबांना घंटी पाळायला दोन सेकंद उशीर झाला आणि बोट वाळूच्या दांड्याला घासली. बोटीच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, कोल्हापूरहून कुस्ती खेळायला आलायस का? सगळे हसले. जिनेंद्रही हसला. एकोणीस वर्षांचं वय, कानाच्या पाळ्या पेटल्या. लालासाबांनी त्या रात्री मनाशी ठरवलं, आता घंटी वाजली की डोकं वापरायचं नाही, हात वापरायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला काठावरच्या एका तागाच्या गिरणीतून मारा सुरू झाला. पुढची बोट पेटली. हे त्यांना नंतर कळलं. तेव्हा फक्त घंटी वाजली: थांब. त्यांनी दांडे मधे घेतले. एंजिनं रिकामी गुरगुरत राहिली, बोटीखालचे पाण्यातले पंखे थांबले. वर पळापळ, तोफ, पडणारी टोपणं. पुढच्या बोटीवरचे लोक पाण्यात उड्या टाकत होते, आणि त्यांना ओढून घ्यायला जिनेंद्र कमरेला दोर बांधून मागच्या बाजूनं पाण्यात उतरला होता. हेही नंतरच कळलं. ओहोटी बोटीला काठाकडे, गिरणीच्या समोर ओढत होती. आणि मग ठक. ठक. वरून नाही. टोपणं वर पडतात, डोक्यावर. हा ठोका बाजूनं आला, खांद्याच्या उंचीवर, बाहेरून, जिथं पत्र्याच्या पलीकडे पाणी होतं. दोन ठोके. लालासाब इतकी वर्षं दोनच मोजत आले होते. दोन झाले, आणि घंटी वाजली: मागे, पूर्ण वेगानं. त्यांनी दोन्ही दांडे ओढले. पंखे उलटे फिरू लागले. आणि तळपायांना कळलं. मऊ अडथळा. उजव्या एंजिनाच्या तबकडीवरचा काटा तीसेक फेऱ्यांनी खाली बसला आणि परत आपल्या जागी आला.

बोट गिरणीच्या माऱ्यातून निघाली. घंटी पाळली गेली म्हणून निघाली. एकोणीस माणसं वाचली. हाही हिशेब त्यांनी पुष्कळदा करून पाहिला होता आणि तो कधी चुकला नव्हता, तरी उपयोगाचा नव्हता. दुपारी साहेबांनी विचारलं, एंजिन रूममध्ये सगळं ठीक? ते म्हणाले, ठीक, सर. दोर मधेच तुटलेला होता. दोन्ही बोटींवरचे नऊ जण सापडले नाहीत, नऊही नावांपुढे शत्रूच्या माऱ्यात मृत्यू असं एकच वाक्य लिहिलं गेलं, आणि कुणी खोटं लिहिलं नव्हतं, कारण कुणाला माहीत नव्हतं. ठोक्यांचा अर्थ बोटीवर फक्त दोघांना ठाऊक होता. वडगावला ते जानेवारीत गेले. जिनेंद्रच्या आईनं विचारलं, लई तरास झाला का रे त्याला? ते म्हणाले, न्हाय काकू, गोळी लागली, कळलंसुद्धा न्हाय त्याला. चौदा वर्षांची चंदना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती रडत नव्हती. तिनं विचारलं, "कुणी मारली?"

चंदनानं लग्न केलं नाही. बसदीतल्या, जैन मंदिरातल्या, पाठशाळेत मुलींना शिकवत राहिली. दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमेच्या दिवशी ती कोल्हापूरला यायची, आधी एसटीनं, मग जयपालच्या गाडीवर मागे बसून. उकळलेल्या पाण्याची बाटली सोबत, त्यातलंच दोन घोट घ्यायची, आणि हात जोडून म्हणायची, "लालाण्णा, उत्तम क्षमा. वर्षभरात काय चुकलं असंल तर पोटात घाला." लालासाब म्हणायचे, "आमचीबी." पहिली कितीतरी वर्षं ती थोडी बसून, खाली बघत सांगायची, की सगळ्या जीवांना क्षमा असं म्हणताना ती एका ठिकाणी अडते. एक सोडून सगळ्यांना. तो काठावरचा माणूस, गोळी मारणारा, त्याला काही जमत नाही. मग तिनं त्या माणसावर काम सुरू केलं. मुलींना गणित शिकवावं तसं, पायरी पायरीनं. एका वर्षी तिनं त्याला चेहरा दिला, बारीक मिशीचा. एका वर्षी त्याला उपाशी ठेवलं. एका वर्षी त्याला एक धाकटी बहीण दिली, त्याची वाट बघणारी. आणि बाविसाव्या वर्षी ती जिना चढून आली तीच हसत. "लालाण्णा, काल जमलं. बहिणीमुळं जमलं बगा." तिचा चेहरा इतका मोकळा त्यांनी लहानपणानंतर पाहिला नव्हता. तेव्हा सांगायला हवं होतं. त्यांनी तिला साखर दिली, आणि तिनं ती घरी न्यायला पदराला बांधली.

वाठारवरून गाडी आत वळली. "अब्बा," शबनम पुढे बघत म्हणाली, "नारळच होता तो." त्यांच्या कानात यंत्र नव्हतं, आणि ओठ दिसत नव्हते. तरी त्यांना ते कळलं. त्यांनी पाय खाली सोडले आणि यंत्र कानात घातलं.

बसदीमागच्या त्या घरासमोर मांडव नव्हता, पण चपला शंभर तरी होत्या. आतून णमोकार मंत्राचा एकसुरी आवाज येत होता. शेजारची शालूबाई दारातच होती. "या, पावणं... अगं बाई, लालासाब व्हय! किती वाळलासा. ती सोडतीया अन्न आणि हाडं तुमची दिसाय लागली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "लई हळू बोलती आता. जवळ बसा."

चंदना जमिनीवर चटईवर, भिंतीला टेकून होती. पांढरं लुगडं. हातपाय सुजलेले आणि चेहरा मात्र बारीक, विहिरीच्या बांधावरच्या मुलीएवढा झालेला. त्यांना पाहून तिनं हात जरासा हलवला. बायका उठून बाहेरच्या खोलीत गेल्या आणि मंत्र भिंतीपलीकडे चालू राहिला. जयपाल आणि शबनम दाराशी थांबले.

"लालाण्णा, उत्तम क्षमा," ती म्हणाली. "चुकलं माकलं..."

लालासाब चटईच्या कडेशी मांडी घालून बसले.

"दरवर्षी आमचीबी म्हणता की. आज का गप? मी तर आता काय चुकायच्या कामाची ऱ्हायली न्हाय." ती हसली, आणि हसण्यानं तिला दम लागला. "सकाळी त्या काठावरच्यालाबी परत एकदा म्हणून टाकलं. आता काय बी ऱ्हायलं न्हाय."

"चंदना, काठावर कोण न्हवतं."

तिनं मान त्यांच्याकडे वळवली.

"गोळी लागली न्हाय त्याला. तो पाण्यात उतरलाता, लोकं काढायला. बोटीच्या मागच्या अंगाला. मी खाली, एंजिनाजवळ. मला दिसत न्हवतं." त्यांना वाटलं होतं हे सांगायला फार वेळ लागेल. वाक्यं भराभर येत होती, कुणीतरी आधीच रचून ठेवल्यासारखी. "त्यानं बाहेरनं ठोकलं. पत्र्यावर. इहिरीवर ठोकायचा तसं."

तिचे डोळे बदलले. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. साहेबांना, मौलवीसाहेबांना, मेहरुन्निसाला सांगितलं असतं तर आधी विहीर सांगावी लागली असती, झडप सांगावी लागली असती. हिला नाही. आणि म्हणूनच हिच्यासमोर काही लपवताही येत नव्हतं.

"किती?" तिनं विचारलं.

लालासाबांनी तोंड उघडलं. दोन हा आकडा जिभेवर तयार होता, त्रेपन्न वर्षं घासून गुळगुळीत झालेला.

"तीन."

"तिसरा कवा? घंटीच्या मागनं?"

"आदी."

"आदी?"

"आदी. तीन झाले, मग घंटी वाजली. मला कळलंतं तो हाय म्हणून. हात दांड्यावर हुता. घंटी वाजली आन् मी वढला."

हे बोलून झाल्यावर त्यांना पहिल्यांदा तो तिसरा ठोका स्पष्ट आठवला. पहिल्या दोनांपेक्षा हळू होता तो. घाई नव्हती त्यात. ऐकलंच असणार याची खात्री असलेल्या माणसाचा ठोका.

दाराशी जयपालनं चौकट धरली होती. शबनमनं सासऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मंत्र चालू होता. चंदनाचे डोळे मिटलेले होते, आणि तिच्या सुजलेल्या हाताची बोटं चटईची काडी उचकटत होती. एक काडी निघाली. दुसरी निघाली. "मला माफ कर," असं लालासाब म्हणाले, की म्हणायचं ठरवून राहिले, हे त्यांना नंतर नक्की आठवलं नाही.

"त्या माणसाला मी बावीस वर्षं घातली," ती डोळे न उघडता म्हणाली. "भण दिली त्याला."

"व्हय."

"दरसाली तुमच्या दारात येऊन तुमालाच सांगितलं. आणि तुमी ऐकत बसलासा."

"व्हय."

"तो न्हवताच." तिनं आणखी एक काडी उचकटली. "त्याची क्षमा तुमाला चालत न्हाय, लालाण्णा. ती त्याच्या मापाची हाय. तुमच्यासाठी मला पहिल्यापासनं सुरवात करावी लागणार."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला आले होते. बाहेरच्या खोलीतला मंत्र थांबला. माणसं उठल्याची सळसळ झाली. शालूबाई पितळेची वाटी घेऊन आली, मागे पांढऱ्या कपड्यांतल्या चार-पाच जणी आणि महाराजांकडून आलेला एक वयस्कर गृहस्थ. जयपालनं डोळे पुसले आणि चटईशी वाकला.

"आत्ती, येळ झाली. एवढं घेतलं की त्याग म्हणायचा न्हवं?"

"आज न्हाय," चंदना म्हणाली.

"अगं, सगळी जमल्यात," शालूबाई म्हणाली. "महाराजांस्नी निरोप गेलाय."

"परत निरोप द्या. उद्याबी पाणी घेणार म्हणावं. परवाबी."

ते वयस्कर गृहस्थ पुढे होऊन समजुतीनं म्हणाले, "बाई, नियम अजून घेतलेला नाही, त्यामुळे दोष काही नाही. पण अंगावरची सूज वाढत चाललीय. पाणी घेत राहिलात तर क्लेश लांबतील. मनात काही आलंय का?"

"आलंय," ती म्हणाली.

लालासाबांना वाटलं, सगळे आपल्याकडेच बघत आहेत; प्रत्यक्षात कुणी बघत नव्हतं. "चंदना," ते पुटपुटले, "नगं. लई तरास हुईल तुला. ऱ्हाऊ दे माझं."

तिनं आता डोळे उघडले आणि त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत क्षमा नव्हती. रागही अजून आला नव्हता. तो यायचा होता, त्याच्यातून जायचं होतं, आणि त्याला किती दिवस लागतील ते ती मोजत असावी.

"हुईल," ती म्हणाली. "तुमी उद्या या. दोन वाजता. जमतंय का बघू."

मग तिनं वाटीसाठी हात पुढे केला. जयपालनं वाटीला खालून आधार दिला. पहिला घोट तिनं तोंडात धरला आणि बराच वेळ गिळला नाही. गळ्याची शीर वर आली, खाली गेली, तिचा चेहरा दुखऱ्या जागी बोट लागावं तसा आक्रसला. मग दुसरा. घोटागणिक ती थांबत होती आणि वाटी खाली ठेवत नव्हती. एवढ्या पाण्याला तिला वीस मिनिटं लागली. लालासाब समोर बसून होते. त्यांना कुणी ऊठ म्हणालं नाही, आणि थांब असंही कुणी म्हणालं नाही.